पोटात न राहिलेली गोष्ट

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. मी मजेत आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवते आणि मंगळवारी संध्याकाळी ग्रंथपालबाईंकडे बायबल शिकायला जाते. बाप्तिस्म्याला आता वर्ष होईल. चिमणीचं हे वेड चार दिवसांचं, असं तू म्हणाली होतीस. पण ताई, हल्ली मी गिऱ्हाइकांवर खेकसत नाही, आणि घरमालकिणीशी धरलेला अबोला मी आपणहून सोडला. बाई म्हणतात, विश्वास ठेवायला एक दिवस पुरतो, शिष्य व्हायला जन्म लागतो. आई गेल्यापासून मला इतक्या मायेनं कुणी काही शिकवलं नव्हतं.

तुझ्या हाताची काळजी वाटते. मी रोज प्रार्थना करते. हसायचं तर हस, पण डॉक्टरकडे जा.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
चिमणी


२१ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

सोमवारी कारखान्यात मला कटिंगच्या टेबलावरून हलवलं. एकोणीस वर्षं मी तिथे उभी होते. मालकीणबाईंनी आत बोलावलं, माझा उजवा हात धरला आणि डोळे मिटून प्रार्थना केली. मग म्हणाल्या, आजपासून धागे कापायला बसा. त्याही तुमच्याच धर्माच्या. त्यांच्या फोनवर तुमच्या चर्चच्या मंडळीकडून प्रार्थनेची यादी आली होती. ती त्यांनी मला दाखवली. आपल्या एका नव्या बहिणीची थोरली बहीण, गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्टर, हात थरथरतो, लोकांपासून लपवते, अजून विश्वासात नाही. नाव नव्हतं. नावाची गरजच काय?

हे तिघांनाच ठाऊक होतं. मला, तुझ्या भावोजींना आणि तुला. भावोजींच्या तोंडून तर आज घरात काय शिजलं तेही बाहेर जात नाही.

थरथर सुरू झाल्यापासून मी कापायच्या मशीनला हात लावत नव्हते. मी खडूनं आखायचे, जोडीदारीण कापायची. तपासणीचा निकाल आला की मालकांना मी स्वतः सांगणार होते, ताठ मानेनं. तेवढंही तू मला ठेवलं नाहीस.

परक्या कुणी केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तुला काय म्हणू?

कळावे.
ताई


१४ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार लिहायलाही धीर होत नाही.

मीच सांगितलं. मंगळवारच्या बैठकीत, माझ्या ताईसाठी प्रार्थना करा म्हणून. रडून सांगितलं, आणि खरं सांगते, सगळ्याजणी मायेनं माझ्याकडे बघत होत्या ते मला आवडलं.

ते यादीत घातलं बाईंनी, घाला असं मी म्हटलं नव्हतं. तुझं पत्र वाचून तशीच वाचनालयात गेले. बाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. म्हणाल्या, जितके जास्त लोक प्रार्थना करतील तितकं चांगलंच, प्रभूच्या कुटुंबात लपवायचं काय? मी म्हटलं, माझी ताई तुमच्या कुटुंबात नाही, माझ्या कुटुंबात आहे. त्यांनी हातातला शिक्का खाली ठेवला नाही. ज्यांनी मला प्रार्थना करायला शिकवलं, त्यांनीच माझी प्रार्थना चव्हाट्यावर मांडली.

दोन रविवार चर्चला गेले नाही. तुला लिहायला बसले की पानभर बाईंचीच उणीदुणी निघायची. तीन कागद फाडले. मग लक्षात आलं, बाई दुसऱ्या. पहिलं तोंड उघडलं ते मी. परवा चर्चमध्ये उभी राहून कबूल केलं, की बहिणीनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी फोडली, ती कुणी पुढे नेऊ नये. मालकीणबाईंनाही पत्र लिहिलंय. पण ते टपालात टाकलं नाही, तुझ्याकडेच पाठवते. त्याचं तुला वाटेल ते कर.

मला माफ कर. सुट्टीत भेटायला येऊ का?

लोभ उरला असेल तेवढा असो.
चिमणी


५ मे

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

मालकीणबाईंना लिहिलेलं तुझं पत्र फाडलं. माझी वकिली मी करीन. आणि चर्चमध्ये उभी राहून पुन्हा माझ्याबद्दलच बोललीस? तुझे भावोजी म्हणाले, तुमच्या कारखान्यातून एक काज-बटण हिच्या तोंडाला लावून घ्या. मला हसू आलं, आणि हसले म्हणून स्वतःचाच राग आला.

निकाल आलाय. गोळ्यांनी थरथर आटोक्यात राहील म्हणतात. मालकांना जाऊन सांगितलं. ते बघू म्हणाले. माझ्या टेबलावर आता दुसरीच उभी असते, कापड वाया घालवते. मी खाली मान घालून धागे कापते.

माफ केलं असं लिहायला दोनदा बसले. लिहवलं नाही. तुझ्या देवाला खोटं चालत नसेल, तर मलाही चालत नाही. सुट्टीत येऊ नकोस. मी बोलावीन तेव्हा ये.

पण एक लिहिते. लहानपणी आपल्या घरात फुटलेली प्रत्येक बरणी मांजरानंच फोडलेली असायची. या वेळी तू मांजर शोधलं नाहीस. हे तुझ्यात कुठून आलं ते मला कळतं, आणि ते कबूल करणं फार जड जातं. बाईंकडे जाऊ नकोस हवं तर, पण चर्च सोडू नकोस.

माझ्यासाठी प्रार्थना करायची तर कर. मनात कर. ओठसुद्धा हलवू नकोस.

ताई