विमानाच्या पाटावरचं नाव

१४ सप्टेंबर

माफ कर गो वही, फार उशिरा लिहायला बसलोय. गणपतीच्या घाईत तुला हात लावला नाही. आता मूर्ती गेल्या, कारखाना रिकामा, आणि मला रिकामं बसवत नाही. मृणाली हवाई दलात लागून वर्ष झालं, तरी दोन दिवस पोरीचा फोन नाही आला की माझं जेवण सुटतं.

सुट्टीत आली तेव्हा प्लास्टिकचं लढाऊ विमान जोडून ठेवून गेली. वीतभर असेल. "बाबा, रंग तुम्हीच मारा. पण झळाळी नको हां! गणपती नाय हा. दिसायचं नाय, हेच त्याचं काम."

१७ सप्टेंबर

वरून मातकट रंग आणि हिरवा, वाकडेतिकडे पट्टे. कडा एकमेकींत विरघळायला हव्यात. रंगाची गन लांब धरून मारली, गौरीच्या गालावर लाली मारतो तशी. पोट आकाशी – खालून बघणाऱ्याला आभाळच वाटावं! जन्मभर मूर्ती लोकांच्या डोळ्यांत भरावी म्हणून रंगवली, आणि आता हे.

हौसा भाकरी टाकता टाकता म्हणाली, "अवो, रंगवलंत का पुसलंत? दिसतच नाय ते." इतकं बरं वाटलं!

१९ सप्टेंबर

झालं. पॉलिश मारायला हात शिवशिवत होता, पण नाही मारलं. छोट्या लाकडी पाटावर बसवलं. कारखान्यातल्या निकेशने मोबाइलवर चारी बाजूंनी व्हिडिओ काढला. "काका, तुमची कलाकारी लोकांना दिसाय नको?"

दिसू दे म्हटलं.

२१ सप्टेंबर

रोह्याहून मेव्हण्याचा, दत्तात्रेयचा फोन. "दाजी, तुमचं विमान रोह्यात पोचलं की! पेट्रोल न घालता!" हजारो लोकांनी बघितलंय म्हणे. मी फुगलो.

मग आवाज उतरला त्याचा. "पण दाजी, पाटावर पोरीचं नाव आणि ती हाय तो तळ कशाला लिहिलात?"

मूर्ती तयार झाली की पाटावर गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव लिहायचं, म्हणजे टेम्पो चुकत नाही. हीच सवय. हात आपोआप लिहून गेला, मला कळलंही नाही. आणि जाताना पोरीने किती बजावलं होतं – "बाबा, मी कुठे हाय ते कोणाला सांगायचं नाय. मामालापण नाय." मी सांगितलं नाही. लिहिलं! ठळक, लाल रंगात!

२२ सप्टेंबर

निकेशने व्हिडिओ काढून टाकला. "पण काका, लोकांनी पुढं पाठवलाय, तो मी कसा पुसू?" रडकुंडीला आला होता. मी थिनरने पाट पुसला. आता पुसून काय?

मृणालीचा फोन बंद.

२३ सप्टेंबर

बंद.

२५ सप्टेंबर

हौसा म्हणते, "रेंज नसंल." स्वतः मात्र ताटावर नुसती बसते. मी सातवी नापास माणूस. कोणाला विचारू, कोणत्या साहेबाचे पाय धरू? चूक माझी, पोरीला काही करू नका, असं कुठे जाऊन सांगायचं?

२६ सप्टेंबर

दोन साहेब आले. साधे कपडे, गाडी नाक्यावर ठेवून चालत. कोणी लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून, व्हिडिओ कोणाचा? सगळं खरं सांगितलं. पाटावर गाव का लिहितात ते त्यांना पटेना. शेवटी हौसाने मंडळाने न नेलेली एक मूर्ती फिरवून दाखवली – "ह्ये बघा, हितंपण लिवलंय. आमच्यात असंच करतात, साहेब."

विमान कागदात गुंडाळून घेऊन गेले. जाताना धाकटा साहेब म्हणाला, "रंग मात्र छान दिलाय." मला रडूच आलं.

३० सप्टेंबर

साहेबांचा फोन आला. मृणालीला तिथून हलवलंय. कुठे, ते घरच्यांनाही सांगता येत नाही. तिला शिक्षा झाली का, मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

पोरी, गावाचं नाव नको सांगूस. मला ठाऊकच नको. शिव्या दे हवं तर. नुसतं बरी आहे, एवढं कळव. लवकर कळव गो.