दान दिलेली गाडी

शारजा,
७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप वन्सं यांस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलवत नाही, तेव्हा आपला पत्रांचा मार्गच बरा. वैभवी पत्राचा फोटो काढून तुमच्या नीरवला पाठवते. लेकीचे बारावीचे वर्ष, दार लावून वाचत असते. मी ठीक आहे. जेवते, झोपते. सप्टेंबरात हे गेले तेव्हापासून मला रडू आलेले नाही, हे तुम्ही पाहिलेच आहे. मिरजेला तेराव्याला सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला फक्त पायाला मुंग्या आल्याचे कळत होते.

लिहिण्याचे कारण ह्यांची गाडी. ती दोघा भावांच्या कंपनीच्या नावावर, म्हणून वारसाच्या कोर्टकचेरीतून सुटली. तेव्हापासून बिल्डिंगखाली धूळ खात उभी आहे. मला चालवता येत नाही. रणजितभावोजी म्हणतात, कंपनीचे वर्ष डिसेंबरअखेर संपते, त्याआधी गाडी सरकारमान्य धर्मादाय संस्थेला दिली तर तिची किंमत टॅक्समधून वजा होईल. विकायला गेलो तर कवडीमोल जाईल. वहिनी, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी खलास, असे म्हणाले. मी हो म्हटले. वैभवीला विचारले तर मान वर न करता तिने इंग्रजीत सांगितले की तुला हवे ते कर. मला काय हवे तेच मला कळत नाही. तुमचे मत कळवा.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
अनुपमा

मिरज,
१२ डिसेंबर

चि. अनुपमा हिस,
सुलक्षणाचे अ. उ. आ.

तुझ्या नावामागे काय लिहावे यातच माझी सकाळ गेली. इतकी वर्षे सौ. लिहिले. आता गं. भा. लिहायची रीत, पण ते माझ्या हातून होत नाही. नाव मोकळेच ठेवले आहे, चालवून घे.

गाडीचे वाचून आधी हसू आले. कर नाही म्हणून दोघे भाऊ तिकडे धावले, आणि कर त्यांच्या मागोमाग तिथेही पोचला. रणजितचा हिशेब कधी चुकत नाही. दानाची पावती घेऊन सरकारला दाखवायची म्हणजे पुण्यातले किती उरते ते देव जाणे. तरी द्या. तेराव्याला आपण जगन्नाथची छत्री, वहाणा, अंथरूण दिले. त्यात हे एक द्यायचे राहून गेले होते, असे समज.

मात्र रीत पाळ. किल्ली तुझ्या हाताने दे. तीवर तुळशीचे पान ठेव, पळीभर पाणी सोड, न मम म्हण आणि मागे वळून पाहू नकोस. दिल्या दानामागे आपले मन गेले तर ते पोचत नाही, असे आई सांगायची. हे काम रणजितवर टाकू नकोस, तो पाणीसुद्धा घाईत सोडेल.

रड, असे मी तुला सांगणार नाही. जगन्नाथची बातमी आली तेव्हा मीसुद्धा आधी उठून दुधाखालचा गॅस बंद केला आणि मग खाली बसले.

वैभवीला गालगुच्चा. जिवाला जप, म्हणजे मला पोचले.
सुलक्षणा

शारजा,
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

वर्ष संपायच्या आत गाडी दिली. बाल्कनीतल्या कुंडीतले तुळशीचे पान नेले होते. पार्किंगमध्ये पाणी सोडले, तोवर संस्थेचे अरब गृहस्थ शांतपणे उभे राहिले. मी पान ठेवलेली किल्ली पुढे केली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. भावोजींनी पावती घेतली, फोटो काढला. मी मागे न पाहता लिफ्टमध्ये शिरले. काही वाटले नाही.

पण घाईत एक चूक झाली. दुबईत टोलनाक्यावर थांबावे लागत नाही. काचेवर सालिकचा स्टिकर असतो, गाडी गेटखालून गेली की पैसे आपोआप वजा होतात आणि मालकाच्या फोनवर सूचना येते. तो स्टिकर काढायचा भावोजी विसरले. ह्यांचा फोन मी अजून रोज चार्ज करते. नव्या वर्षात एका सकाळी तो वाजला. गाडी मामझरच्या गेटखालून गेली होती. हे दुबईत करामाच्या ऑफिसला त्याच गेटखालून जायचे, साधारण त्याच वेळी. संध्याकाळी पुन्हा वाजला. आता जवळजवळ रोज वाजतो.

संस्थेने गाडी विकली नाही, डायलिसिसच्या पेशंटना नेण्याआणण्यासाठी ठेवली आहे, असे भावोजींना कळले. मलाही ते माहीत आहे. तरी सकाळी फोन वाजला की वाटते, पोचतीलच आता ऑफिसला. संध्याकाळी वाजला की मी कणीक भिजवते. पोळ्या जास्त होतात. मध्ये खात्यातले पैसे संपत आल्याची सूचना आली, तर मी भरून टाकले. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेले नाही, या पत्राचा फोटोही मीच काढून पाठवते आहे. तुम्ही रागवाल. दिवसभरात मला तेवढीच एक गोष्ट बरी वाटते.

रागावलात तरी लोभ सोडू नका.
अनुपमा

मिरज,
१८ जानेवारी

चि. अनुपमा हिस,
अ. उ. आ.

रागावणारच होते. पण खरे सांगते, पत्र वाचून झाल्यावर मी नीरवला विचारले की आज मामझरहून गाडी गेली असेल का. तो माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा कळले, हे दोघींना एकदम वेड लागण्याचे लक्षण आहे.

बाई गं, पाणी सोडलेस पण फोन धरून बसलीस. त्या गाडीत आता कुणाचे आजारी माणूस बसते. आपण तिच्यामागे पोळ्या लाटत बसलो तर जगन्नाथचा पाय कसा निघेल? आणि तुझा तरी? रणजितला सांगू नकोस, तो दोन मिनिटांत ते खाते बंद करून टाकेल. तुझे तू कर. आज झाले नाही तर उद्या कर, पण कर.

माझा जीव तुझ्यापाशी अडकला आहे, एवढे ध्यानात असू दे.
सुलक्षणा

शारजा,
१ फेब्रुवारी

तीर्थरूप वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र उशाशी ठेवले होते. रोज ठरवायची, रोज राहून जायचे. मग गुरुवारी ह्यांच्या फोनची घंटी वाजली. संस्थेचा ड्रायव्हर होता, जहूर नावाचा. गाडीच्या खणात त्याला ह्यांचे कार्ड सापडले. हिंदीत म्हणाला, जुना स्टिकर अजून तुमच्याच खात्यावर चालतो आहे, पैसे उगाच तुमचे जात आहेत. आमचा नवा आला आहे, पण साहेबांना न विचारता जुना काढणे बरे नाही. जरा साहेबांना फोन द्या.

वन्सं, हे गेल्याचे सगळ्यांना भावोजींनीच कळवले. ऑफिसात, कोर्टात, वैभवीच्या शाळेत, तुम्हालाही. माझ्या तोंडून ते वाक्य आजवर एकदाही निघाले नव्हते. जहूर फोन धरून थांबला होता. मी त्याला सांगितले की साहेब वारले.

त्याने आपल्या रीतीने ह्यांच्यासाठी दुवा मागितली आणि हळूच विचारले की तुमची इच्छा असेल तर स्टिकर राहू देऊ का. मी म्हटले, काढा.

फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून खाली बसले. मग जे रडू आले ते मला आवरेना. वैभवी दार उघडून धावत आली, शेजारी बसली आणि माझ्याहून मोठ्याने रडायला लागली. म्हणाली, तू रडत नव्हतीस म्हणून मीही रडले नाही. सप्टेंबरपासून पोर दाराआड कोरडी बसून होती, आणि मी समजत होते की अभ्यास करते आहे.

आत्ता ती माझ्या मांडीवर झोपली आहे. हलता येत नाही, म्हणून एवढेच लिहिते. आम्हा दोघींवर आशीर्वाद असू द्या.
तुमची,
अनुपमा