टीव्हीची वायर

प्रिय भाऊजी,

तुमचा ससा मजेत आहे. गाजर टाकलं की झालं, असं समजून तुम्ही तो घेतलात आणि गवत, नखं, लेंड्या झेपेनात तेव्हा आमच्याकडे आणून सोडलात. त्या दिवशी मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्यांची लाखोली वाहिली.

आल्या आल्या त्याने टीव्हीची वायर कुरतडली. निवृत्त झाल्यापासून तुमचे दादा टीव्हीसमोरून हलत नव्हते, माझ्याशी बोलणं तर दूरच. आता ते रोज त्याच्यासाठी गवत आणायला जातात आणि परत आले की मला सगळं सांगत बसतात. वायर बदलायचं नाव आम्ही दोघंही काढत नाही.

तुम्ही फोनवर विचारता, "वहिनी, फार त्रास देतो का हो?"

मी म्हणते, "काही विचारू नका."

हे पत्र मी टाकणार नाही. तो त्रास देत नाही हे खरं कळलं, तर पुन्हा हौस येऊन त्याला न्यायला याल.

तुमची ऋणी,
वहिनी