तिसऱ्या टाकीचा उपास

१२ जानेवारी
आजपासून मी गुरू. तेहतीस वर्षं या मत्स्यकेंद्रात टाक्या घासल्या, कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. आणि आज आमच्या प्रमुख तुपास मॅडमनी शेवटच्या वर्षाची मुलगी माझ्या हवाली केली. म्हणाल्या, मानोंग सिस्तो, हिला हाताला धरून शिकवा. इथे सगळ्यांचा मी मानोंग, म्हणजे थोरला भाऊ.
मुलगी इलिन. वडिलांचं खाडीकाठी बांगुस माशांचं तळं. तिचा प्रश्न सरळ: दिवसाआड खाऊन मासे तेवढेच वाढतील का? वाढले तर वडिलांचा खाद्याचा खर्च निम्मा. तीन टाक्या. पहिलीला रोज पोटभर, दुसरीला रोज अर्धं, तिसरीला दिवसाआड.
संकल्प: गुरूने मध्ये लुडबुडायचं नाही.

१९ जानेवारी
मासा धरून वजन कसं करायचं ते शिकवलं. चार मासे जमिनीवर पडले. त्यातले तीन माझे. म्हणालो, कसा पडतो ते दाखवलं.

२३ जानेवारी, सकाळी ७
तिसऱ्या टाकीचा उपासाचा दिवस. काठाशी गेलो तर सगळे वर, तोंडं उघडी. आमच्या इलोइलोत रस्त्याने जाणाऱ्यालाही 'जेवलास का?' विचारल्याशिवाय सोडत नाहीत. मूठभर कोंडा टाकला. एकदाच. हे प्रयोगात मोडत नाही, माणुसकीत मोडतं.

३० जानेवारी
एकदाच म्हणजे प्रत्येक उपासाला एकदाच.

१३ फेब्रुवारी
वजनं घेतली. तिसरी टाकी पहिलीच्या बरोबरीने! इलिन नाचली. मोठ्यांना मान देतात तसा माझा हात स्वतःच्या कपाळाला लावून म्हणाली, मानोंग, तुमच्या हाताचा गुण! हाताला कोंड्याचा वास होता.
जेवण गेलं नाही. भात दोनदाच घेतला.

१६ फेब्रुवारी
उद्या सांगणार. ठाम.

१७ फेब्रुवारी
तिने सगळ्यांसाठी घरून पान्सित आणलं. माणूस शेवया वाढत असताना असलं कुणी सांगतं का?

२० फेब्रुवारी
उपाय सापडला. कोंडा बंद. खरं काय ते मासेच सांगतील, मला तोंड उघडायला नको.

२७ फेब्रुवारी
मासे रोडावले. इलिनला वाटलं, रोग. दोन दिवस पाणी बदलतेय, तपासतेय. मीच शिकवलं, छान शिकलीय. म्हणाली, मानोंग, माझंच काहीतरी चुकलं. डोळे सुजलेले. म्हणालो, हवा बदललीय, पोरी.
दुपारी मूठभर टाकला. आता हे औषध.

५ मार्च
इलिनचे वडील आले. टोपी हातात, माझ्यासाठी दोरीला बांधलेले खेकडे. म्हणाले, पोरीचे आकडे बघून मीही तळ्यात दिवसाआड खाद्य सुरू केलंय. मासे जरा बारीक वाटतात. पण इलिन म्हणते, मानोंग पाठीशी आहेत, म्हणजे आकडे बरोबरच असणार.
दोरी हातात घेऊन तिथेच सगळं बोललो. दोघांच्या देखत.
वडील आधी हसले. म्हणाले, काय हो, गरिबाची चेष्टा करता! मग त्यांनी इलिनकडे पाहिलं आणि थांबले. ती वडिलांना एवढंच म्हणाली, ताताय, घरी जा, आजपासून रोज पूर्ण खाद्य घाला. त्यांनी टोपी घातली, निघाले.
खेकडे परत मागितले नाहीत. मागायला हवे होते.

९ मार्च
मॅडम म्हणाल्या, प्रयोग पहिल्यापासून. म्हणजे इलिनची पदवी सहा महिने पुढे. मॅडम मला ओरडल्या नाहीत. जेवलात का, एवढंच विचारलं.

१० मार्च
इलिन तराजू घेऊन आली. पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, जुने आकडे फेकायचे नाहीत, तिसऱ्या टाकीने खरं किती खाल्लं ते लिहायचंय. किती घालत होतात?
चिमूटभर, म्हणालो.
तिने तराजू माझ्यापुढे सरकवला.
मूठभर, म्हणालो.
मग नेहमी भरायचात तशी मूठ भरा, म्हणाली. वीस वेळा, म्हणजे सरासरी काढता येईल. खालच्या वर्गातल्या दोन मुली वही घेऊन समोर बसल्या. मी मूठ भरायची, तराजूत ओतायची, इलिनने आकडा सांगायचा. सात झाल्यावर तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, मानोंग, मुठी लहान होत चालल्यात.
आठवी नेहमीसारखी भरली. अठ्ठावीस ग्रॅम. तिने मोठ्याने सांगितलं, मुलींनी लिहून घेतलं.
अजून बारा बाकी होत्या.