बाटली मी भरली नव्हती

४ मार्च, नांदेड
बदलीचा कागद आला एकदाचा. लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून तिथं पाण्याची प्रयोगशाळा उघडणार, उघडणार म्हणून चाललं होतं. आता उघडतेय. १ एप्रिलला हजर व्हायचं. किती अर्ज केले होते मी! घरी अण्णांना आजच पत्र टाकलं. आता त्यांच्या औषधाच्या वेळा मला बघता येतील, दुकानातल्या नोकरावर सोडायला नको.
घरमालकीण रजियाआपा आधी खूश झाल्या, मग डोळे पुसत बसल्या. त्यांचं बघून मलाही भरून आलं. वेडेपणा नुसता.

६ मार्च
प्रयोगशाळेत डॉ. वाघमारे म्हणून एकजण आले. हिमायतनगरच्या पुढं आरोग्य केंद्र आहे, तिथले. पोरगेलेसे, पण काम जुन्या माणसासारखं. हाताखालच्या एका गावातल्या शाळेत बसून पोरांचे दात तपासले, वर्गवार वहीत लिहिले. दातांवर तपकिरी पट्टे, खडूसारखे डाग. बाहेरगावी वाढून जरा मोठी झाल्यावर तिथं आलेली जी पोरं, त्यांचे दात मात्र चांगले. घरटी विचारलंय माणसानं. म्हाताऱ्यांचंही लिहिलंय. कुणी हाक मारली तर मान वळत नाही, सगळं अंग वळवून बघतात.
त्यांना संशय पाण्याचा. बाहत्तरच्या दुष्काळात मारलेला खोल बोअर, त्यावर हातपंप. जवळजवळ सगळं गाव तेच पितं.
"पण मॅडम, तुमच्याच प्रयोगशाळेचा जुना दाखला आहे म्हणे. पिण्यास योग्य. तो बघायचाय."
जुनं रजिस्टर काढलं. त्र्याहत्तरचा मे. पिण्यास योग्य. खाली सही माझी. नोकरीला लागून चार महिने झाले होते, सही केवढी लांबलचक करायची मी!
डॉक्टरांनी तारीख वहीत उतरवून घेतली. चहा घेतला नि गेले.

९ मार्च
डॉक्टरांनी स्वतः पंप हापसून नवा नमुना आणून दिला. आज तपासला. आमच्या परीक्षेत लाल रंग टाकायचा, पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त तितका तो उतरतो. टाकल्या टाकल्या फिका पडला. हात धुऊन, नळ्या धुऊन पुन्हा केली. पुन्हा तेच. मर्यादेच्या कितीतरी वर.
मग त्र्याहत्तरला लाल राहिला कसा?
दिवसभर स्वतःची समजूत घालत बसले. पाणी बदललं असेल. दगड झिजला असेल. पण एवढं शिकलेय की दगड बारा-तेरा वर्षांत आपला स्वभाव सोडत नाही. अण्णांच्या लातूरकडं खाली काळा पाषाण. त्या गावाखाली करडा-गुलाबी ग्रॅनाइट, माणूस नव्हता तेव्हापासूनचा, आणि त्यातच हे खनिज. वरच्या आडाचं पाणी नवं असतं, पावसाचं. खोल बोअरचं पाणी त्या दगडात वर्षानुवर्षं मुरलेलं. आभाळानं दिलं नाही म्हणून आपण जमिनीच्या पोटात हात घातला, आणि तिथं काय आहे ते नीट पाहिलं नाही. आपण म्हणजे मी.

११ मार्च
आठवलं. खरं तर विसरले कधी होते?
मे महिना, सकाळपासून पोटात काही नाही, जीप दोन कोसांवर बंद पडलेली, चालत गेलेले. गावात मन्मथअप्पांचं किराणा दुकान. मी दारात टेकले. कुठली, कुणाची, विचारपूस झाली. लातूरच्या लिंगायत दुकानदाराची मुलगी म्हटल्यावर म्हातारा असा काही हरखला, हात जोडून आमच्यातला नमस्कार केला! "शरणार्थ, शरणार्थ. म्हंजे आमचीच लेक की!" घरातून ज्वारीची भाकरी, ठेचा, दही. तांब्यातून पाणी. काय गोड पाणी होतं. बाटली घेऊन पंपाकडं निघाले तर म्हणाले, "उन्हात कायला जाता माय? बसा. म्या आणून देतो भरून."
नियम पहिल्या दिवशी शिकवलेला. आधी पंप भरपूर हापसायचा, साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, बाटली त्याच पाण्यानं विसळायची, स्वतःच्या हातानं भरायची. आणि मी बसून राहिले. दही खात.
बाटलीवर 'बोअर' अशी चिठ्ठी मात्र स्वतःच्या हातानं चिकटवली.

१४ मार्च
रजा टाकून गेले. एसटीनं हिमायतनगर, पुढं जीप. रान उजाड, नदीत झरे खणलेले, तेही कोरडे. पंपावर घागरींची रांग वेशीपर्यंत.
अप्पा आता फार थकलेत. ओळखलं लगेच. मी सरळ विचारलं, अप्पा, त्या वेळी बाटली कुठं भरली होती?
"हाव, आमच्या परसातल्या आडावर भरली की. बोअरचं पाणी मचूळ लागायचं. सरकारची बाई, त्यात आपल्यातली लेक, पाहुणी आलेली. तिच्या हाती असलं पाणी द्यावं व्हय? गावाचं नाव खराब झालं असतं."
वर हसून म्हणाले, "पास झालं होतं न्हवं?"
मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट हायसं वाटलं, की माझी परीक्षा चुकली नव्हती, माझा डोळा चुकला नव्हता. आणि त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की तिथं बसवेना.
आडाला अजून पाणी आहे. परसात, घरातून जावं लागतं. अप्पांच्या घरचे नि भावकीच भरतात. शाळेत डॉक्टर भेटले, पिण्यापुरतं म्हटलं तर सगळ्या गावाला पुरेल म्हणाले.
परत येताना पंपाजवळ सुमनबाई भेटली, गावाबाहेरच्या वस्तीतली. तिची कमल बारा वर्षांची. बोलताना तळहात तोंडावर. "लई हुशार हाय बाई, पन वर्गात उत्तर देईना झाली," आई म्हणाली.

१५ मार्च
प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते माणूस वाईट नाहीत. ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.
"पिऊ नका म्हणून पंपाला लाल रंग द्या म्हणता. प्यायचं काय लोकांनी? टँकर कुठाय? आणि जुन्या दाखल्याचं कशाला काढता? लिहा, कालांतराने पाण्याचे गुणधर्म बदलले. तुम्ही पंधरा दिवसांत लातूरला. सुखानं जा."
सुखानं. दिवसभर हा एक शब्द डोक्यात.
म्हटलं तर सोपं आहे. हे अप्पांना, मला नि साहेबांनाच माहीत, आणि साहेब कुणाला सांगणार नाहीत. अप्पांना तर चूक झाली हेच माहीत नाही.

१७ मार्च
अण्णांचं पत्र. खोलीला चुना लावून घेतला म्हणे, माझ्यासाठी. वाचून रडले.
रजियाआपांना अर्धंमुर्धं सांगितलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "लिख डाल बेटी. पेट में नक्को रख. नोकरी जाती क्या?" जाणार नाही बहुतेक. बदली मात्र रद्द होऊ शकते, चौकशी लागली तर. "तो मेरे पास रह," म्हणाल्या, जसं काही त्यात विचार करण्यासारखं नव्हतंच.

१८ मार्च
अहवाल लिहिला. दोन भाग. पहिला, आताची तपासणी: पिण्यास अयोग्य, धुण्याभांड्याला चालेल. दुसरा: त्र्याहत्तरचा नमुना मी स्वतः घेतला नाही, तो बोअरचा नव्हता, तो दाखला रद्द समजावा. अप्पांचं नाव घातलं नाही. नियम त्यांना माहीत नव्हता, मला होता.
एक प्रत डॉ. वाघमाऱ्यांना. ते आता शेजारच्या गावांतले बोअरही तपासायला घेणार आहेत, दात आणि दगड एकाच नकाशावर मांडून. म्हणाले, "जुना दाखला खरा मानला असता तर हा नकाशाच चुकला असता." चांगल्या मनानं म्हणाले. तरी लागलं.

२० मार्च
साहेबांनी अहवाल परत पाठवला. पहिल्या भागावर मंजुरीची सही. दुसऱ्या भागाभोवती पेन्सिलीनं चौकट: वगळावे.
नाही वगळला. तसाच्या तसा पुन्हा टेबलावर ठेवला. वगळायचा तर त्यांनी स्वतःच्या सहीनं वगळावा. बदलीचं अजून काही कळत नाही. सामान अर्धं बांधलेलं, अर्धं तसंच.

२२ मार्च
पंप लाल करायला गेलो, डॉक्टर नि मी. रंग लावायच्या आधी मी बोलायचं ठरलं होतं. बायकाच जास्त. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, तुमच्या पाण्याला चांगलं म्हणून सही करणारी मीच. त्या दिवशी मी या पंपापर्यंत आले नव्हते. सावलीत बसले होते.
कुणी ओरडेल असं वाटलं होतं. कुणीच ओरडलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "आता सांगून काय करतीस माय?" मग सुमनबाईनं विचारलं, "हे पाणी बंद केल्यावर कमलचे दात उजळतील का?"
नाही म्हटलं. तिचे नाही. धाकट्यांचे वाचतील.
तिनं मान हलवली. कमल आईच्या मागं सरकली.
अप्पा काठी टेकत आले होते. त्यांना सगळं कळलं होतं, बहुतेक डॉक्टरांकडून. तोंड पार उतरलेलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पिण्याचं आमच्या आडावरून न्या. समद्यांनी." मागं त्यांची सून पटकन काही बोलली, मुलगा घरात निघून गेला. अप्पा पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, "समद्यांनी म्हनलो मी."
भावकीतल्या बायका लगेच गेल्या. मग माळी, मग तेली. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन पंपाशीच उभ्या. शेवटी सुमनबाई एकटी निघाली. अप्पांच्या दाराशी गेली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. आड घराच्या मागं, घरातून गेल्याशिवाय वाट नाही.
"ये की आत," अप्पा म्हणाले.
ती उभीच. सून मधल्या दारात, तीही उभीच. कुणी भांडत नव्हतं. मला वाटलं आपण जाऊन तिचा हात धरावा. डॉक्टरांनी मानेनंच नको म्हटलं.
जीपवाला हॉर्न वाजवत होता, शेवटची जीप. वळणावरून मागं पाहिलं, घागर तिच्या कमरेवर होती, रिकामीच.