प्रॉम्प्टरबाईंना संदर्भ हवा

७ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयातल्या कार्यशाळेला जाऊन आले. इंटरनेटवरचा तो मोठा ज्ञानकोश, ज्यात आपण सगळे काहीबाही बघत असतो, तो म्हणे कुणीही लिहू शकतं! मला इतकी वर्षं वाटत होतं, कुठेतरी मोठ्या इमारतीत विद्वान बसलेत. छे! माझ्यासारखेच लोक बसलेत, आपापल्या घरी, चहाचा कप शेजारी ठेवून.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "नटनट्यांवर ढीगभर लेख आहेत. पडद्यामागच्यांवर जवळजवळ काही नाही. प्रत्येकाने एक माणूस निवडा." माझा हात सगळ्यांच्या आधी वर. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशी! एक्केचाळीस वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून विंगेत वही धरून उभ्या राहिल्या, नट अडला की हळूच वाक्य पुरवायचं. आता वय एक्क्याऐंशी, नजर अधू. आजवर त्यांचं नाव छापलंय ते मतदारयादीत आणि विजेच्या बिलावर. नाटकाच्या पत्रकात एकदाही नाही. हे मी बदलणार!

यांना सांगितलं. हे म्हणाले, "आधी गॅस बंद कर."

८ फेब्रुवारी, रविवार

मुलाखत. मावशी जन्मभर कुजबुजत आल्या, त्यामुळे आताही कुजबुजतातच. फोनवर दीड तास रेकॉर्ड केलं. घरी येऊन ऐकलं – पंखा, पंखा, कुकरची शिट्टी, पंखा.

दुसरी पंचाईत वेगळीच. मी म्हणते, "तुम्ही या कामाला–" की त्या लगेच, "–सुरुवात कधी केलीत?" आणि गप्प! माझंच वाक्य मला पुरवून मोकळ्या. उत्तर द्यायचंय हे त्यांच्या गावीही नाही. शेवटी मी वाक्यं अर्धी सोडणंच बंद केलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

देव पावला. मी नोकरी करते त्या दाताच्या दवाखान्यात काउंटरवर पेशंटचे नंबर लावत बसले होते आणि दाढ काढायला कोण यावं? मावशींच्या नाटक कंपनीतले जुने रंगभूषाकार! डॉक्टर आत बोलावेपर्यंत मी त्यांना सोडलं नाही.

म्हणाले, "एकदा दुपारच्या प्रयोगाला राणीचं काम करणारी चक्कर येऊन पडली. विंगेतली एक बाई उठली, पोशाख चढवला आणि अख्खा प्रयोग तडीस नेला! एक शब्द चुकला नाही. टाळ्या थांबेनात." "कोण ती?" असं मी विचारतेय तोवर डॉक्टरांनी त्यांना आत नेऊन सुई टोचलीसुद्धा. बाहेर आले तेव्हा अर्धं तोंड बधिर, गालात कापूस. "मावशीच ना?" म्हटलं. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की दुखतंय म्हणून, कुणास ठाऊक.

पण यात विचारायचंय काय? विंगेत उभी राहून सगळं नाटक पाठ असलेली दुसरी कोण असणार! आणि मावशी तर इतक्या अबोल की स्वतःहून सांगायच्याच नाहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लेख चढवला! चारशे तीस शब्द, त्यात राणीचा सबंध परिच्छेद. मावशींना अजून वाचून दाखवलेला नाही. सगळं पक्कं झालं की एकदमच सांगेन.

अकरा मिनिटांत कुणीतरी येऊन राणीच्या परिच्छेदापुढे लिहून गेलं – "संदर्भ हवा." नाव घेतलंय 'काटेकोर'. शिवाय माझे चार स्वल्पविराम सुधारलेत. अंगाचा तिळपापड झाला.

१५ फेब्रुवारी, रविवार

संदर्भ दिला – "कंपनीचे रंगभूषाकार, प्रत्यक्ष भेट, दाढ काढण्यापूर्वी." काटेकोरने काढून टाकला. म्हणे छापील हवा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लेखाच्या डोक्यावर लाल चौकट आली! "या व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. सात दिवसांत पुरावा न मिळाल्यास लेख वगळण्यात येईल." एक्केचाळीस वर्षं जिने ऐकू जाऊ नये म्हणून पराकाष्ठा केली, तिच्याविषयी कुणी काही छापलं नाही, असं हे मलाच ऐकवतात! चांगला प्रॉम्प्टर कुणाच्या लक्षात येत नाही, तेच तर त्याचं काम.

हे सगळं लेखाला जोडलेल्या चर्चापानावर लिहिलं. शेवटी न राहवून हेही लिहिलं – "तुम्ही आयुष्यात कधी नाटक पाहिलंय का?"

काटेकोरचं उत्तर – "पाहिलंय. राणीच्या परिच्छेदाला संदर्भ हवा."

१८ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना काटेकोरबद्दल बोलत होते. हे म्हणाले, "तो माणूस आपल्या घरात राहायला आल्यासारखं वाटतंय." एका पेशंटला मी चुकून संदर्भ क्रमांक विचारला.

२२ फेब्रुवारी, रविवार

पेपरच्या पुरवणीत मावशी! अर्धं पान! 'विंगेतून सिंहासनावर.' वाचता वाचता ओळखीचं वाटायला लागलं. वाटणारच – सगळं माझंच उचललेलं होतं, "तडीस नेला"सकट. माझं नाव कुठेही नाही. पण राग येईना! छापील आहे! लगेच लेखाखाली संदर्भ ठोकून दिला. घे, काटेकोरा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

लेख राहिला!! लाल चौकट गेली. दवाखान्यातून आल्या आल्या पेपर घेऊन वर धावले आणि मावशींना मोठ्याने वाचून दाखवला.

राणीपर्यंत पोचले आणि मावशी ओरडल्या, "मी नव्हते ती!" आठ वर्षं शेजार आहे, त्यांचा चढलेला आवाज आज पहिल्यांदा ऐकला. जिन्यातल्या माणसांनीही ऐकला असणार.

"शिंपीण होती ती. आमचा कपडेपट सांभाळायची. नऊ वर्षं विंगेत माझ्या पायाशी बसून काजे-बटणं केली तिने. माझं ऐकून ऐकून नाटक पाठ झालं. राणीचा पोशाख स्वतःच्याच अंगावर बेतलेला, म्हणून नीट बसला. मी वही धरून उभी होते, मला एक शब्द द्यावा लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून परत तिची बटणं सुरू. कुणी छापलं नाही, काही नाही. आता तर ती राहिलीही नाही. तिची अशी ती एकच दुपार होती गं. आणि तू ती मला देऊन टाकलीस."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. रंगभूषाकारांनी मान नुसती दुखण्याने हलवली होती तर.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळीच परिच्छेद दुरुस्त केला. दहा वाजता दुसऱ्याच कुणी तरी पुन्हा होता तसा केला – "संदर्भ असलेला मजकूर काढू नये." लिहिलं, अहो, मावशी स्वतः सांगताहेत! उत्तर – "व्यक्ती स्वतःविषयी विश्वासार्ह स्रोत मानली जात नाही." पेपरला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "बाई, आम्ही खात्री करूनच छापतो. ज्ञानकोशातही तेच आहे, बघा हवं तर."

हात टेकले! खोट्याला आता दोन-दोन ठिकाणी आधार, आणि खरं बिचारं आमच्या वरच्या मजल्यावर बसलंय. काटेकोर नेमका आज कुठे गेला देव जाणे. हवा तेव्हा नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मावशींना समजावलं. म्हटलं, माझी चूक जाहीर कबूल करता येईल. पण मग पेपरचा आधार खोटा ठरेल, आणि तो गेला की लेखही जाईल. "म्हणजे तुमचं नाव–"

"–जाऊ दे," त्यांनी पुरवलं.

मग म्हणाल्या, "लिही, मी सांगते." आणि घडलं ते सबंध सांगितलं, एकदाही न कुजबुजता.

१ मार्च, रविवार

चर्चापानावर सगळं टाकलं. चूक माझी, पेपरने ती माझ्याकडूनच घेतली, मी न विचारता गृहीत धरलं. खाली मावशींचं निवेदन शब्द न शब्द. शिंपिणीचं पूर्ण नावही, मावशींनी तीन वेळा तपासून घेतलेलं. शेवटी लिहिलं, नियमाने लेख जात असेल तर जाऊ द्या. बटण दाबलं आणि रडू आलं. फार वाईट वाटलं, माझ्या हौसेपायी दोघींचंही गेलं. यांनी न सांगता चहा केला. साखर विसरले, पण मी बोलले नाही.

४ मार्च, बुधवार

लेख वगळला. संध्याकाळी काटेकोरचा खाजगी निरोप आला. तसाच्या तसा उतरवून ठेवते.

"आभारी आहे. ती शिंपीण माझी आई. घरचा माणूस म्हणून मला तिच्यावर लिहिता येत नाही, आणि ती दुपार दुसऱ्या कुणाच्या नावावर बघवतही नव्हती. राणीचा पोशाख माझ्या कपाटात आहे. पोशाख संदर्भ म्हणून चालत नाही, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण प्रॉम्प्टरबाईंना हात लावून बघायचा असेल, तर रविवारी घेऊन येतो."