अंगठा माझा, गाठही माझीच

चिरंजीव डॉक्टरसाहेब,

दोनशे सहा हाडांची नावं पाठ केलीस, पण आजीला कान असतात एवढं मात्र विसरलास! फोनवर तुझ्या आईला म्हणालास, "आजीला गाठीचं काही सांगू नका." मी शेजारीच बसले होते, सोन्या.

काल इथल्या दवाखान्यातली डॉक्टरीण ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन आली. तुझी आई म्हणाली, "आई, इथे अंगठा द्या." मी म्हटलं, "अंगठा माझा ना? मग आधी मला वाचून दाखवा." बाजूच्या खाटेवरच्या चिमुरडीला त्याच डॉक्टरणीने सुई दाखवून सांगितलं होतं, "दुखेल, पण एकदाच." मी विचारलं, "सहा वर्षांच्या पोरीला सांगता, मग मीच तुमचं काय घोडं मारलंय?"

ती स्टूल ओढून बसली. मला बहिरी समजून ओरडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, गाठ कॅन्सरची आहे. काढली तर बरं होण्याची चांगली आशा आहे." मी थोडी रडले. ती बसून राहिली. मग मीच अंगठा उठवला.

उद्या ऑपरेशन. हे लिहून घेणाऱ्या नर्सबाईला सांगितलंय, पत्र उशीखाली ठेव. शुद्धीवर आले नाही तर ती तुला पाठवेल; आले की मीच फाडून टाकीन आणि तुला तोंडीच सुनावेन. तेव्हा पेरू पाठव, चांगले टणक. मऊ आले तर समजेन, मला नाजूक समजून अजून काहीतरी लपवतोयस.

तुझी,
सगळं ऐकू येणारी आजी